दोघींचा ओव्हन आणि ॲपल पाय

(रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या पाककृतींच्या कार्यक्रमातील भाषण. बोलले गेले तसेच, थोडेफार नीटनेटके करून छापले आहे.)



दूध आटेपर्यंत बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलंय. म्हणजे मी किती वेळ बोलायचं ते गॅसच्या हातात आहे. या टेबलावर चार डबे झाकून ठेवलेत. वास सगळ्यांना आलाच असेल. मघाशी जिन्यात एका छोट्यानं विचारलं, "आजी, आत काय आहे?" मी म्हटलं, "पाय आहे." तो घाबरून पळाला. आमच्या घरीही पहिल्यांदा असंच झालं होतं. मी सकाळी जाहीर केलं, "आज पाय करणार आहे," तर आमचे हे खूश होऊन म्हणाले, "मटणवाल्याला सांगून ठेवू का?" कोल्हापुरात पाय म्हटलं की पाया सूपच आठवणार, त्यांचाही दोष नाही. तर हा पाय सफरचंदाचा. अंडं नाही, जिलेटिन नाही. आपल्या सोसायटीतल्या सगळ्या घरांना चालेल असा.

पाय म्हणजे काय, हे सोप्या भाषेत सांगायचं तर ती एक मोठी, उघडी, भाजलेली करंजी. खाली मैद्या-लोण्याची पारी, मध्ये सफरचंदाचं सारण. काही जण वरून दुसरी पारी घालतात, काही पट्ट्यांची जाळी करतात. मी जो करते त्यात वर लोणी, गूळ आणि मैद्याचा खरबरीत चुरा पसरतात. भाजल्यावर तो कुरकुरीत होतो.

आता हा पदार्थ मी का निवडला? पुरणपोळी मला येते, तांबडा-पांढराही येतो. पण पंचवीस वर्षांच्या निमित्तानं बोलायचं म्हटल्यावर मला आपला ओव्हन आठवला. तो समोर ठेवलाय तो. गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच. जुन्या सभासदांना तो ओळखीचा आहे. नव्यांना वाटेल, हे भंगार इथं कशाला आणलं. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पायची गोष्ट होत नाही.

माझं माहेर मंगळवार पेठेत. लहानपणी दिवाळीच्या आधी नानकटाई घरी भाजत नसत. पीठ, तूप, पिठीसाखर घरून घ्यायची, मळायचं, गोळे ट्रेमध्ये लावायचे आणि तो ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं. तिथं पेठेतल्या निम्म्या बायका रांगेत. आपला ट्रे दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून प्रत्येकीची काही ना काही खूण. माझी आई कोपऱ्यातल्या नानकटाईवर चारोळीऐवजी लवंग खोचायची. भट्टीवाला लांब फळीनं ट्रे आत सारायचा, बाहेर काढायचा, आणि घरी येईपर्यंत चार-पाच नानकटाया वाटेत संपलेल्या असायच्या. भट्टी एक, खाणारी घरं शंभर.

1999 साली आपण सगळे या इमारतीत राहायला आलो. प्रत्येकाचं दार वेगळं, बेल वेगळी. पहिल्याच दिवाळीत खालच्या मजल्यावरच्या वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ट्रे घेऊन एवढ्या लांब कोण जाणार? आपण दोघी मिळून ओव्हन घेऊया की." वहिनी अस्सल कोल्हापुरी. बँकेच्या बदल्यांमध्ये माझं 'मी आलो, मी गेलो' कधी 'मी आले, मी गेले' झालं ते मला कळलं नाही. वहिनींचं अजून 'मी आलो'च आहे. आमच्या दोघींच्या भिशीचे पैसे लागोपाठच्या महिन्यांत लागले आणि 2000 सालच्या दिवाळीआधी आम्ही हा ओव्हन आणला. सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने माझ्याकडे असा ठराव. पुढं तेही राहिलं नाही. ज्या घरी पीठ मळलेलं, त्या घरी ओव्हन. या इमारतीतल्या किती मुलांच्या वाढदिवसाचे केक यात झाले ते मोजायचं म्हटलं तर जमणार नाही. ती मुलं आता पुणे, बंगळूर, दुबई, कुठं कुठं आहेत. आज बरीच आलीत, बरं वाटलं.

मग मध्ये काही वर्षं हा ओव्हन बंद होता. का, ते शेवटी सांगते.

2017 साली मी लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेले. पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर म्हणून गाव आहे, तिथं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सगळं घेऊन गेले होते. त्या भागात जुन्या जर्मन घराण्यांची वस्ती खूप. त्यांना 'पेनसिल्व्हेनिया डच' म्हणतात, पण ते हॉलंडचे डच नव्हेत. जर्मन लोक स्वतःला 'डॉईच' म्हणतात, त्याचं लोकांच्या तोंडी 'डच' झालं. सफरचंदाच्या पायवर चुरा घालायची पद्धत या जर्मन लोकांची. त्या चुऱ्याला ते 'श्ट्रॉयझेल' म्हणतात, म्हणजे भुरभुरलेलं.

लेकीच्या शेजारी एक आजी राहायच्या. माझं इंग्रजी बँकेतलं, 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड' छापाचं. त्यांचा उच्चार मला कळायचा नाही, माझा त्यांना. एक दिवस त्यांनी हातानंच 'ये' म्हणून खुणावलं आणि ओट्यापाशी उभं केलं. मैद्यात थंडगार लोण्याचे तुकडे टाकले आणि बोटांच्या टोकांनी चोळायला लागल्या. मी बघत राहिले. अहो, हे तर मोहन घालणं! आपण शंकरपाळ्याला, करंजीला जे करतो तेच. मी पुढं होऊन मूठभर पीठ घेतलं, दाबलं, मुटका झाला. आजींना दाखवला. त्यांनी टाळीच वाजवली. त्यांचीही खूण तीच होती. त्यानंतर आम्हाला भाषेची फारशी गरज पडली नाही. सहा महिन्यांत त्यांच्याकडून मी पाच-सहा वेळा पाय केला.

अमेरिकन लोक ॲपल पायला आपलं राष्ट्रीय पक्वान्न समजतात. पण सफरचंद मूळचं मध्य आशियातलं, कझाकस्तानच्या डोंगरातलं. पायच्या कृती इंग्लंडात चौदाव्या शतकापासून लिहिलेल्या सापडतात. म्हणजे अमेरिका जगाला माहीत होण्याच्या आधीपासून. आणि आपल्याकडे जे लालभडक सफरचंद येतं, त्याचा आणि पेनसिल्व्हेनियाचा एक संबंध आहे. त्याच राज्यातल्या फिलाडेल्फियाचा एक तरुण, सॅम्युएल स्टोक्स, 1904 साली कुष्ठरुग्णांची सेवा करायला हिमाचलच्या डोंगरात आला. तिथंच लग्न करून राहिला. 1916 च्या सुमारास त्यानं कोटगढला अमेरिकेहून रेड डिलिशियस सफरचंदाची रोपं आणून लावली. डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांना रोपं आणि शिकवण दिली. हिमाचलची आजची सफरचंदाची शेती तिथून वाढली. हा माणूस असहकार चळवळीत इंग्रजांच्या तुरुंगातही गेला आणि पुढं हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाला. तर हे फळ फिरत फिरत आपल्या कपिलतीर्थ मार्केटच्या गाड्यावर आलंय, हे मुलांनी लक्षात ठेवा.

2018 च्या सुरुवातीला मी परत आले. उत्साह इतका की लगेच करायला घेतला. महिना एप्रिलचा. आता एप्रिलमध्ये कोल्हापुरातलं स्वयंपाकघर म्हणजे काय, ते सांगायला नको. लोणी चोळायला घेतलं आणि दोन मिनिटांत त्याचं तेल झालं. पारी लाटताच येईना. मग म्हटलं, थंडी येऊ दे. ऑक्टोबरमध्ये पुन्हा केला. घरात ओव्हन नव्हता. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला वाळू घालून, त्यावर डबा ठेवून भाजला. पारीचा तळ काळा, मधला भाग कच्चा आणि वरचा चुरा पांढराफटक, ओला. दुसऱ्यांदा केला तेव्हा सफरचंदाचा लगदा झाला आणि एवढा रस सुटला की पाय कापला तर ताटलीत पाणीच पाणी. आमचे हे म्हणाले, "पाय राहू दे, सूपच म्हणूया."

तिसऱ्यांदा बिघडल्यावर मी ओट्याशी बसून राहिले. नातीला फोनवर सांगितलं होतं, तू आलीस की आजी तुझ्या गावचा पाय करणार. आणि ओव्हन तर होता. बरोबर माझ्या पायाखाली, एक मजला खाली, वहिनींच्या माळ्यावर. चौदा पायऱ्या. पण त्या चौदा पायऱ्या मी चार वर्षं उतरून त्यांच्या दारात थांबले नव्हते.

शेवटी बिघडलेलाच पाय एका ताटलीत घेतला आणि गेले. बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताटलीकडे बघितलं. मी म्हटलं, "वहिनी, हे बिघडलंय. बघता का?" आत ये म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. दारातच एक तुकडा उचलला, खाल्ला, आणि म्हणाल्या, "अगं, हा तर लाडवाचा भुगा. पीठ कच्चंच ठेवलंयस की! भाजून घ्यायला काय झालं होतं?" मग आत वळून म्हणाल्या, "थांब, मी ओव्हन काढतो."

तर आज तुम्ही जो पाय खाणार आहात तो लँकेस्टरच्या आजींचा अर्धा आणि आमच्या वहिनींचा अर्धा. आता कृती सांगते, लिहून घ्या. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं आपल्याला वाटी-चमच्याच्या मापानं स्वयंपाक शिकवला, मीही त्यावरच शिकले. पण या पदार्थाला तेवढा वजनकाटा घ्या.

माप आठ जणांचं, साधारण नऊ इंची डब्याचं. लोण्याची 100 ग्रॅमची दोन पाकिटं. अमूलचं लोणी खारट असतं, म्हणून वेगळं मीठ नको. पारीला मैदा 160 ग्रॅम आणि एक अख्खं पाकीट लोणी. चुऱ्याला मैदा 125 ग्रॅम, लोणी 75 ग्रॅम, गूळ 75 ग्रॅम, मूठभर अक्रोड. उरलेलं 25 ग्रॅम लोणी डब्याला लावायला आणि सारणात. सारणाला सफरचंदं 1 किलो, गूळ 100 ग्रॅम, एक लिंबू, चहाचा एक चमचा दालचिनीची पूड, थोडं जायफळ, आणि मोठा एक चमचा मैदा.

पहिली पारी. लोणी फ्रीजमधून काढल्या काढल्या तुकडे करा आणि मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळा. तळवा लावू नका, तळवा गरम असतो. जाड रव्यासारखं दिसलं की थांबा. मध्ये मध्ये हरभऱ्याच्या डाळीएवढे लोण्याचे कण राहिले पाहिजेत. चिरोट्याला आपण साटा का लावतो? पदर सुटावेत म्हणून. इथं ते काम हे कण करतात. भट्टीत लोणी वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पदर उचलते. एप्रिलमध्ये माझं लोणी आधीच वितळलं होतं, मग पदर कुठून येणार? आता बर्फाचं पाणी तीन-चार मोठे चमचे, लागेल तसं. कणकेसारखं मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं तर पारी चिवट होते. झाकून तासभर फ्रीजमध्ये.

दुसरं सफरचंद. बाजारात दिसायला सुंदर, लाल, पण हाताला मऊ लागणारं घेऊ नका. ते खायला गोड, भाजलं की लगदा. घट्ट, आंबटगोड बघा. किन्नौरची येतात ती चांगली. त्यात एक-दोन हिरवी आंबट मिसळली तर उत्तम. मी फळवाल्याला सांगते, "भाऊ, दिसायला नको, कडक दे." तो म्हणतो, "ताई, सगळी गिऱ्हाइकं उलटं सांगतात." साल काढून बोटाएवढ्या जाड फोडी करा. पातळ केल्या तर विरघळतात.

तिसरा गूळ. लँकेस्टरच्या आजी ब्राउन शुगर घालायच्या. ती काय असते? साखरेला मळीचा थोडा अंश ठेवलेला किंवा परत लावलेला. आपण गुळाच्या गावचे. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली, गुळाची बाजारपेठ उभी केली. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर काढतात, हे आपल्या मुलांनी सहलीत बघितलं असेल. तर ब्राउन शुगरसाठी मॉल हिंडायची काय गरज? गूळ घट्ट, कोरडा घ्या आणि किसा. चिक्कीचा गूळ नको. ओलसर गूळ चुऱ्यात घातला तर चुरा लगद्यासारखा होतो.

चौथा रस. माझा पाय दोनदा बुडाला तो याच्यामुळं. फोडींना गूळ, लिंबू, दालचिनी लावून अर्धा तास ठेवा. गूळ फळातलं पाणी बाहेर ओढतो. ते चाळणीतून गाळून घ्या, उरलेल्या लोण्याबरोबर कढईत आटवा, मधासारखं झालं की परत फोडींवर घाला आणि मग मैदा भुरभुरा. हे केलं नाही तर वरचं पाणी खाली झिरपतं आणि तळ ओला राहतो.

(इथं खालच्या मजल्यावरच्या वहिनी मोठ्यानं हसल्या, म्हणून वक्त्यांना थांबावं लागलं. — संपादक)

हसा वहिनी. त्याच्यावर येतेच आहे.

पाचवी वहिनींची गोष्ट, चुरा. या गोल ओव्हनची कॉइल खाली आहे. तळ छान भाजतो, वरचा भाग फिका राहतो. त्यावर वहिनींनी काढलेला उपाय असा. चुऱ्याचा मैदा आधी कोरडाच कढईत मंद आचेवर भाजायचा. सात-आठ मिनिटं, बेसनाचा वास सुटतो तसा वास सुटेपर्यंत, रंग बदामी. पूर्ण गार करायचा, नाहीतर लोणी वितळतं. मग गूळ, थंड लोणी, अक्रोडाचे तुकडे घालून चोळायचं. मूठ दाबली की मुटका व्हावा, बोट लावलं की फुटावा. आता माझ्या लेकीकडे वरून-खालून तापणारा मोठा ओव्हन आहे, तिथं भाजायची गरज नाही. तरी तीही आता मैदा भाजूनच घेते. चव खरंच वेगळी येते.

आता जोडणी. पारी लाटून डब्यात बसवा, काट्यानं टोचा, वर बटर पेपर, त्यावर जुना राजमा पसरून पंधरा मिनिटं भाजा. राजम्याच्या वजनानं पारी फुगत नाही. राजमा आणि कागद काढून आणखी पाच मिनिटं. मग सारण, वर चुरा. दाबायचा नाही, पसरायचा. आकड्यांचा ओव्हन असेल तर पारी 200 अंशांवर आणि पुढं 180 वर पाऊण तास, जरा जास्तच. आमच्या या म्हाताऱ्या ओव्हनला आकडे नाहीत. कडेनं रस जाडसर बुडबुडायला लागला की झालं.

आणि सगळ्यात अवघड काम शेवटचं. तीन तास हात लावायचा नाही. गरम कापला तर रस वाहून जातो. गार झाला की तो आळतो आणि तुकडा उभा राहतो.

एवढी कृती. आता मघाशी म्हटलं ते. दूध आटत आलंय, पण दोन मिनिटं द्या.

2013 च्या पावसाळ्यात वहिनींच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली. प्लास्टर पडायला लागलं. वहिनींनी लेखी तक्रार दिली. आपले उपविधी काय सांगतात ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. बाहेरच्या सामाईक पाइपची गळती असेल तर सोसायटीनं दुरुस्त करायची, घरातल्या न्हाणीघराची, सिंकची असेल तर ज्याच्या त्याच्या खर्चानं. 2014 च्या सर्वसाधारण सभेत मी उभी राहिले आणि ठासून सांगितलं की गळती सामाईक पाइपची आहे. मी बँकेतली, बोलणं पक्कं. सगळ्यांनी मान डोलावली. सोसायटीनं बाहेरचा पाइप बदलला. अकरा हजार चारशे रुपये दुरुस्ती निधीतून गेले. ओल थांबली नाही. वहिनींनी पुन्हा तक्रार केली, तेव्हा सभेत कुणीतरी म्हणालं, "यांचं रोजचंच आहे." मी गप्प बसले.

गप्प बसले, कारण सभेच्या चार दिवस आधी प्लंबरनं मला माझ्या न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप दाखवला होता. जोड सुटला होता. पाणी तिथून जात होतं. फरशी फोडावी लागणार होती आणि लेकीच्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते चालू होते. ही कारणं खरी आहेत, पण ती सभेत सांगता आली असती. मी ती सांगितली नाहीत. पुढं वर्षभरानं फरशी बदलायच्या नावाखाली मी ट्रॅप गुपचूप दुरुस्त करून घेतला. खालची ओल आपोआप वाळली. आणि आमचं बोलणं बंद झालं ते झालंच.

त्या दिवशी बिघडलेला पाय घेऊन गेले, तेव्हा खरं म्हणजे वहिनींचे पाय धरायला गेले होते. चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत आहे. प्लंबर आपला एकच आहे की." चार वर्षं त्यांना माहीत होतं! मी विचारलं, "मग सभेत का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "तू येऊन सांगशील म्हणून थांबलो."

त्यांनी मला माफ केलं, पण सभेच्या इतिवृत्तात अजून माझंच म्हणणं लिहिलेलं आहे, आणि 'यांचं रोजचंच आहे' हे वाक्य त्यांच्या वाट्याला आलं ते कुणी पुसलेलं नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बेकऱ्या बंद होत्या, तेव्हा आम्ही दोघींनी या ओव्हनमध्ये केलेले पाव, बिस्किटं, पाय जिन्यात ठेवून तुम्हा सगळ्यांना दिले. तुम्ही दोघींचं कौतुक केलंत. तेव्हाही मला वाटलं, सांगावं. धीर झाला नाही. पंचवीस वर्षांचा हिशेब मांडताना ही बाकी पुढं ओढू नये, म्हणून आज सांगते. वहिनींची तक्रार खरी होती, चूक माझी होती. अकरा हजार चारशे रुपये मी आज सकाळी दुरुस्ती निधीत भरलेत, पावती सेक्रेटरींनी दिली आहे. पुढच्या सभेत माझं हे म्हणणं इतिवृत्तात नोंदवावं, अशी माझी विनंती आहे. वहिनी, तुम्हाला न विचारता हे सगळ्यांसमोर बोलले, त्याबद्दल रागावा. पण खाल्ल्यानंतर रागावा.

आणि एक शेवटचं. हा ओव्हन आजपासून आम्ही दोघी सोसायटीला देतोय. खालच्या ऑफिसमध्ये राहील. नवीन वायर आणि प्लग बसवून घेतलाय. नव्या सुनांनी, मुलींनी, आणि हो, मुलांनीही न्यावा. आकडे नाहीत म्हणून घाबरू नका. कागदाचा कपटा आत ठेवा, तो बदामी व्हायला किती वेळ लागतो ते बघा, दोन-चार वेळात अंदाज येतो. नाहीच आला तर दुसऱ्या मजल्यावर विचारा, नाहीतर पहिल्यावर.

आता सकाळपासून गार होत असलेले हे चार पाय कापायची वेळ झाली. बत्तीस तुकडे होतील. आपण त्याहून बरेच जास्त आहोत, म्हणजे तुकडे लहान करावे लागतील. सुरी वहिनींच्या हातात देते. पहिला तुकडा त्यांनी कापावा.